मालगुजार, गाव आणि मुक्त आज्ञावली

जबलपूर जिल्ह्याच्या जुन्या महसुली दप्तरात 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा एक कागद असतो. गावच्या तलावाचे पाणी कोणी कसे घ्यावे, गुरे कोणत्या पडीत चारावीत, जळणाचे, नांगराचे आणि आढ्याचे लाकूड कोणत्या रानातून आणावे, वाट कोणाच्या बांधावरून जावी, अशा गोष्टी त्यात गावनिहाय लिहून ठेवलेल्या असतात. या सर्व हक्कांना मिळून 'निस्तार' म्हणतात. विदर्भातल्या वाचकांना हा शब्द परका नाही. कोकणातल्या किंवा देशावरच्या वाचकांना कदाचित नवा वाटेल. या कागदाची आठवण मला अलीकडे वारंवार होते ती महसुलाच्या कामात नव्हे, तर शासकीय कार्यालयांतल्या संगणकांचा विचार करताना. मुक्तस्रोत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आज्ञावलींवर अखेर सत्ता कोणाची, त्या लिहिणाऱ्या समुदायाची की त्यात पैसा घालणाऱ्या कंपन्यांची, हा आजचा वाद आहे. माझे म्हणणे असे, की तो मध्य प्रांताने शंभराहून अधिक वर्षे अनुभवलेल्या एका जुन्या वादाचाच नवा अवतार आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम जुना वाद. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठी अंमलदाराकडे गेले. १७९८ मध्ये पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. आणि डिसेंबर १८१७ मध्ये जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. मराठी अंमलात गावचा वसूल एखाद्या पाटलाने किंवा इजारदाराने गोळा करून सरकारात भरावा अशी रीत होती. हा मनुष्य वसुलाचा हमीदार होता, जमिनीचा मालक नव्हे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी या हमीदारालाच 'मालगुजार' म्हणून मालकी बहाल केली. शेतजमिनीबरोबर गावची पडीक जमीन, रान आणि तलावही त्याच्या मालकीत गेले. मात्र गावकरी पिढ्यान्‌पिढ्या या गोष्टी वापरत आले होते, तो वापर एका लेखणीच्या फटकाऱ्याने बंद करणे शक्य नव्हते. तेव्हा तोडगा निघाला तो वाजिब-उल-अर्जाचा. मालकी मालगुजाराची, वापराचा हक्क गावाचा. आणि त्या हक्काची नोंद सरकारी दप्तरात.

या व्यवस्थेचे मूल्यमापन एका वाक्यात करणे अवघड आहे. मालगुजारांनी कुळांना नाडल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. परंतु भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत आजही सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत, हेही तितकेच खरे. त्यांतले अनेक गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधले. पुढे मालगुजारांनी काही नवे बांधले आणि बहुतेकांची निगा राखली. गाळ काढायला माणसे लावणे, पाळ फुटली तर रातोरात बुजवणे, तुडुंब्यावर माणूस बसवणे, हे सर्व मालगुजार करवून घेई, कारण पाण्यावर धान पिके आणि धानावर त्याचा वसूल. त्याचा स्वार्थ आणि गावाचे हित काही अंतरापर्यंत एकाच वाटेने जात होते. ही वाट कुठे फुटते हाच काय तो प्रश्न.

३१ मार्च १९५१ पासून मध्य प्रदेशात मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव शासनाकडे आले. त्यांना लोक 'माजी मालगुजारी', म्हणजे थोडक्यात 'मामा तलाव' म्हणू लागले. मामा गेला, तलाव राहिला! गावकऱ्यांचे निस्तार हक्क पुढेही कायद्याने शाबूत ठेवले. मध्य प्रदेशाच्या १९५९ च्या आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोहोंना स्वतंत्र कलमे आहेत. पण तलावाचा गाळ काढणार कोण? शासन म्हणे, पाणीपट्टी द्या, दुरुस्ती करतो. गाव म्हणे, हे पाणी आमच्या हक्काचे, वाजिब-उल-अर्जात लिहिले आहे, पट्टी कसली? हक्क मानला तर पट्टी नाही, पट्टी नाही तर दुरुस्तीला पैसा नाही. अनेक तलाव या कात्रीत गाळाने भरत गेले. हक्क कागदावर शंभर टक्के सुरक्षित राहिला आणि पाणी मात्र आटले. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

आता नवा वाद. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. १९९८ च्या प्रारंभी नेटस्केप कंपनीने आपल्या न्याहाळकाची मूळ संहिता खुली करण्याचे जाहीर केले आणि त्याच सुमारास 'ओपन सोर्स' हा शब्द रूढ झाला. या आज्ञावलींचे परवाने उदार असतात: कोणीही वापरावे, वाचावे, बदलावे, वाटावे. अनेकांची अशी समजूत असते, की परवाना मुक्त असला म्हणजे प्रकल्पही लोकांचा झाला. ही समजूत अपुरी आहे. परवाना हा निस्तार हक्क आहे. वापर कोण करू शकतो एवढेच तो सांगतो. नव्या आवृत्तीत काय यावे, कोणाचा बदल स्वीकारावा, नाव आणि बोधचिन्ह कोणाचे, प्रकल्प उद्या बंद करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे परवान्यात नसतात. ती मालगुजारीच्या सनदेत असतात, आणि ती सनद दर प्रकल्पाची निराळी.

एका टोकाला डेबियन आहे. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाने १९९७ मध्ये 'सामाजिक करार' आणि १९९८ मध्ये चक्क लिखित राज्यघटना स्वीकारली. जगभरचे सुमारे हजार विकासक दरवर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. मतदानाची पद्धतही अशी, की पसंतीक्रम लावून प्रत्येक पर्यायाची दुसऱ्याशी जोडीने तुलना होते. आपल्या सहकारी संस्थांच्या निवडणुकांशी परिचय असलेल्या माणसाला हेवा वाटावा अशी ही व्यवस्था! पण म्हणून तेथे कंपन्यांचे वजन पडत नाही असे नाही. २०१४ मध्ये संगणक सुरू होताना सर्व सेवा चालवणारी 'सिस्टमडी' ही आज्ञावली स्वीकारावी की नाही यावर डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ती स्वीकारली गेली. सिस्टमडीचे प्रमुख लेखक त्या वेळी रेड हॅट कंपनीच्या नोकरीत होते. नाराज मंडळींनी त्याच वर्षी 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली. कंपनीने मत विकत घेतले असे कोणी म्हणणार नाही. ज्याच्या पदरी पगारी माणसे असतात, त्याच्याकडून पूर्णवेळ लिहिलेली, चालणारी वस्तू समोर येते. स्वयंसेवकांकडून बहुधा हरकत येते. चालणारी वस्तू आणि हरकत यांच्या लढतीत काय जिंकते हे कोणत्याही समितीवर काम केलेल्या माणसास ठाऊक आहे.

दुसऱ्या टोकाला एकाच कंपनीच्या मालकीचे प्रकल्प आहेत. मधल्या पट्ट्यात उबुंटूसारखे. २००४ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने डेबियनच्या पायावर उबुंटू उभे केले. आपल्या देशात न्यायालयांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला आणि पुढे जिल्हा न्यायालयांच्या संगणकांसाठी उबुंटूची निवड झाली. खटल्यांची नोंद ठेवणारी आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्तस्रोत साधनांवर तयार केली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातली जिल्हा न्यायालयेही या प्रकल्पात येतात. म्हणजे नर्मदेकाठच्या एखाद्या तालुक्यातला कारकून ज्या पडद्यावर पुढची तारीख नोंदवतो, त्याच्या मागे पुण्याचे शासकीय अभियंते, त्यांच्या खाली एक इंग्लिश कंपनी आणि तिच्याही खाली डेबियनची घटना, असे थर आहेत. कॅनॉनिकलने २०११ मध्ये उबुंटूचा पडदा बदलून 'युनिटी' ही स्वतःची मांडणी आणली. २०१७ मध्ये ती सोडून देऊन पुन्हा 'ग्नोम'कडे वळण्याचे जाहीर केले. दोन्ही निर्णय कंपनीचे, तिच्या व्यवसायाच्या गणितातून घेतलेले. त्यात गैर काही नाही. पण देशाची जिल्हा न्यायालये या कंपनीची मोठी वापरकर्ती असूनही या निर्णयांच्या वेळी ती केवळ निस्तारदार होती. वापराचा हक्क पूर्ण, बोलण्याचा शून्य.

मालगुजार बदलला की गावाचे काय होते याचे सर्वांत बोलके उदाहरण ओपनऑफिसचे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये एक जर्मन कंपनी घेतली आणि २००० मध्ये तिच्या कार्यालयीन आज्ञावलीची संहिता खुली केली. बाहेरच्या माणसाला बदल द्यायचा असेल तर स्वामित्वहक्कात सनला भागीदार करून घ्यावे लागे. भारत सरकारच्या भारतीय भाषा तंत्रज्ञान कार्यक्रमाने २००५ पासून भारतीय भाषांच्या मोफत सीडी वाटल्या, त्यांत याच ओपनऑफिसची भारतीय रूपे होती. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. समुदायाला नव्या धन्याचा भरवसा वाटेना. २८ सप्टेंबर २०१० रोजी कार्यकर्त्यांनी लिबरऑफिस नावाने वेगळी चूल मांडली. ओरॅकलने २०११ मध्ये मूळ प्रकल्प अपाची प्रतिष्ठानला देऊन टाकला. पण बहुतेक काम करणारे हात तोवर निघून गेले होते. लिबरऑफिससाठी बर्लिनमध्ये जे प्रतिष्ठान नोंदवले गेले, त्याच्या नियमांत एक तरतूद आहे: संचालक मंडळाच्या ३० टक्क्यांहून अधिक जागा एकाच कंपनीशी संबंधित माणसांकडे असू नयेत. माझ्या मते हे एक वाक्य शेकडो पानांच्या धोरणपत्रांहून मोलाचे आहे. कंपन्यांना दार बंद नाही. मात्र पाटीलकी एकीच्या घरात जाणार नाही, एवढा बंदोबस्त आहे. त्यानेही सर्व भांडणे मिटली नाहीत. २०२० मध्ये लिबरऑफिसच्या संकेतस्थळावरून चालणाऱ्या रूपाचे बहुतांश काम करणारी कोलॅबोरा कंपनी ते काम घेऊन वेगळी झालीच. तरीही मुख्य प्रकल्प कोणा एकाच्या हुकमाने बुडाला नाही, हे विशेष.

सेंटओएसची कथा याच्या उलट आहे. रेड हॅटच्या सशुल्क प्रणालीची विनामूल्य प्रतिकृती म्हणून २००४ मध्ये तिचा आरंभ झाला. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि शासकीय कार्यालये यांच्या सर्व्हरांवर ती पसरली. २०१४ मध्ये प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला. कार्यकर्त्यांना पगार मिळाला, नाव कंपनीचे झाले. २०१९ मध्ये आयबीएमने सुमारे ३,४०० कोटी डॉलरना रेड हॅट विकत घेतली. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले, की जिची सेवा २०२९ पर्यंत चालेल असे लोक धरून होते, ती आठवी आवृत्ती ३१ डिसेंबर २०२१ ला संपेल. परवाना तोच, संहिता तीच; पण आठ वर्षांचा भरवसा एका निवेदनाने गेला. प्रकल्पाला संचालक मंडळ होते. परंतु ज्या मंडळाचे नाव, यंत्रे आणि बहुसंख्य माणसे एका घरची, ते मंडळ मालगुजाराच्या वाड्यातल्या पंचायतीसारखेच. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स या दोन नव्या चुली लगेच पेटल्या, त्यामुळे वापरकर्ते रस्त्यावर आले नाहीत. मात्र प्रत्येक कार्यालयाला आपला संसार हलवावा लागला. त्याचा खर्च कोणाच्याही अर्थसंकल्पात नव्हता.

एवढे वाचून कंपन्यांवर टीका करण्याचा माझा हेतू आहे असे वाटेल, म्हणून आता आपल्या घरची गोष्ट सांगतो. संगणकावर मराठी आली ती कोणी आणली? पहिले श्रेय शासनाचे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. मोहन तांबे यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. इनस्क्रिप्ट कळफलक आणि १९९१ ची इस्की प्रमाणके त्याच काळातली. पण ही साधने मुक्त नव्हती, आणि प्रत्येक टंक उत्पादकाचा संकेत निराळा होता. एकाच्या टंकात लिहिलेले पत्र दुसऱ्याकडे गेले की कावळ्याचे पाय उमटत. पुढे युनिकोड आले, आणि मुंबईच्या इंडलिनक्स व इंडिक्ट्रान्स यांसारख्या गटांनी मुक्त प्रणालींच्या देशीकरणाचे काम अंगावर घेतले. व्हीजेटीआयचे प्राध्यापक जितेंद्र शहा यांच्यासारखी माणसे त्यात होती. स्वयंसेवकांच्या हाती उत्साह होता. पूर्णपणे मुक्त, नेटका, सर्व जोडाक्षरे दाखवणारा टंक मात्र सहज मिळत नव्हता. टंक घडवणे हे महिनोन्‌महिन्यांचे, कुशल आणि पगारी काम आहे.

ते झाले एका कंपनीमुळे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले टंक रेड हॅटने घेतले आणि २००४ मध्ये 'लोहित' या नावाने मुक्त परवान्याखाली खुले केले. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीचा हा संस्कृत अनुवादच म्हणायचा. २०११ मध्ये त्यांचा परवाना आणखी सुटसुटीत केला गेला. त्याच कंपनीच्या पुणे कार्यालयात भारतीय भाषांच्या अनुवादकांना पगारावर नेमले होते. मराठी अनुवादाच्या जुन्या फायली उघडून पाहिल्या तर अनेकांच्या शीर्षभागी त्याच कंपनीचे पत्ते दिसतात. 'फाइल', 'एडिट', 'कॅन्सल' यांना प्रत्येकाने निरनिराळे शब्द वापरू नयेत म्हणून २००८ च्या सुमारास 'फ्युएल' नावाचा उपक्रम सुरू झाला. तोही त्याच कार्यालयाच्या पुढाकाराने, मात्र शब्दांची निवड भाषेच्या जाणकारांना एकत्र बसवून चर्चेने करायची, अशी पद्धत त्यात ठेवली. मालगुजाराने तलाव बांधला आणि पाणीवाटप गावाच्या सभेत ठरवले, असे याचे वर्णन करता येईल. मध्य प्रदेशात राहून मी मराठी लिहितो, ती ज्या खणलेल्या तळ्यातून येते त्याची पाळ कोणी बांधली हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

मग गावाची गरज कशाला? एक लहान उदाहरण देतो. 'आचार्यांना बोलावले' आणि 'आचाऱ्यांना बोलावले' यांत फरक आहे. एकाने मंत्र म्हणावेत, दुसऱ्याने जिलब्या तळाव्यात. पहिल्यातला रफार डोक्यावर जातो, दुसऱ्यातला आडवा होऊन 'य'ला बिलगतो. हिंदीत हा भेद नाही. 'ॲ' हे अक्षरही हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये ते २००८ साली आले आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेत त्याला स्थान मिळाले. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणेही निराळी. देवनागरी म्हणजे हिंदी, असा हिशेब बाजाराच्या दृष्टीने अगदी रास्त आहे, कारण ग्राहकसंख्या तेथे मोठी. त्या हिशेबात बसणार नाहीत अशा या गोष्टी कोणीतरी मराठी माणसाने चिकाटीने मागाव्या लागतात, आणि त्या मागण्याला प्रकल्पात जागा असावी लागते. जबलपुरात तीन पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतली मुले हिंदी कळफलकावर मराठी लिहितात तेव्हा 'दुसऱ्या'चे 'दुसर्या' होते. भाषेची अशी झीज एका दिवसात दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रारही होत नाही.

आणि आता गाळ. अनुवाद हे एकदा करून ठेवायचे काम नव्हे. ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. प्रत्येकीत नवी वाक्ये असतात. अनुवादक थांबला की पडद्यावर मराठीच्या मध्ये इंग्रजी वाक्ये डोकावू लागतात, आणि दोन-चार वर्षांत लोक सगळा पडदाच इंग्रजीत करून टाकतात. जोवर कंपनीला भारतीय भाषांत व्यवसाय दिसतो तोवर पगारी अनुवादक. कंपनीचे लक्ष सर्व्हर आणि क्लाउडकडे वळले की तो खर्च प्रथम कमी होणार, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

गाळाचे हे दुखणे केवळ मराठीचे नाही. २०१४ मध्ये 'हार्टब्लीड' हा दोष उघड झाला तेव्हा जगाला कळले, की बँकांपासून सरकारांपर्यंत सर्वांच्या गुप्त संदेशांची कुलपे सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल प्रकल्पावर पूर्णवेळ काम करणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' प्रकरण घडले. एकट्याने प्रकल्प ओढून थकलेल्या संरक्षकाचा विश्वास एका टोपणनावाच्या इसमाने दोन-तीन वर्षे खपून मिळवला आणि आज्ञावलीत चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, जो मायक्रोसॉफ्टच्या नोकरीत आहे. म्हणजे समुदायाच्या थकव्यातून चोर शिरला आणि कंपनीच्या पगारी माणसाने तो धरला. एका बाजूला सज्जन आणि दुसऱ्या बाजूला दुर्जन अशी वाटणी करणाऱ्यांनी या प्रसंगाचा जरूर विचार करावा.

येथे तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली: प्रत्येकजण एक गुरू जादा सोडतो आणि कुरण उजाड होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जगभरची उदाहरणे देऊन दाखवले, की वापरणारेच नियम करतात आणि पाळतात तेथे कुरणे टिकतात. त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. आज्ञावली मात्र वापरल्याने संपत नाही. एका तलावाचे पाणी दोन शेतांना पुरेलच असे नाही. एक आज्ञावली कोटी माणसांना पुरते. शिवाय नाराज गावाला तलावाची प्रत काढून शेजारी ठेवता येत नाही. येथे ती काढता येते, आणि हाच समुदायाचा सर्वांत मोठा धाक आहे. मात्र प्रत काढली म्हणून माणसांची प्रत निघत नाही. दुर्मीळ आहे ते पाणी नव्हे, तर पाळ राखणाऱ्याचे लक्ष. लिनक्सच्या गाभ्यातले चार पंचमांशांहून अधिक काम पगारी माणसे करतात, असे लिनक्स फाउंडेशनचे अहवाल सांगत आले आहेत. तेथे कोणा एका कंपनीची सत्ता चालत नाही याचे कारण कंपन्या थोर आहेत हे नसून कंपन्या पुष्कळ आहेत हे आहे. अनेक मालगुजार एकाच तलावावर अवलंबून असले, की ते एकमेकांवर पहारा ठेवतात. मराठीच्या तलावावर असे अनेक धनी कधीच नव्हते.

राहिला प्रश्न शासनाचा, आणि तो माझ्या व्यवसायाचा प्रश्न आहे. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१० मध्ये खुल्या प्रमाणकांचे आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण केले. दोन्ही धोरणे चांगली आहेत; कोणा एका विक्रेत्याच्या दावणीला राज्य बांधले जाऊ नये हा त्यांचा गाभा. परंतु त्यांचा भर स्वीकारण्यावर आहे. स्वीकारलेल्याची निगा कोणी करावी आणि प्रकल्पाच्या सभेत शासनाच्या वतीने कोणी बसावे, याविषयी आमची कार्यालये मौन बाळगतात. वस्तू विकत घेणे आमच्या वित्तीय व्यवस्थेस चांगले समजते: मागणीपत्र, निविदा, किमान दर, पुरवठा, देयक. जी वस्तू फुकट मिळते तिच्यासाठी दरसाल रक्कम का द्यावी, हा प्रश्न लेखापरीक्षक विचारणार, आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी असलेला अधिकारी विरळा. म्हणून आपण फुकट घेतो, वाचलेल्या पैशाचा आकडा वार्षिक अहवालात छापतो आणि गप्प बसतो. मामा तलावाच्या गावकऱ्यांना पट्टी न दिल्याबद्दल दोष देणारे शासन येथे स्वतः तेच करीत आहे.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. पहिली, कोणतीही मुक्त आज्ञावली मोठ्या प्रमाणावर स्वीकारण्यापूर्वी परवान्याबरोबरच तिची 'सनद' वाचावी: नाव कोणाचे, संचालक कोण नेमतो, एका कंपनीच्या जागांवर मर्यादा आहे काय, प्रकल्प बंद करण्याचा अधिकार कोणास. हे एका पानाचे टिपण आहे. नस्तीत सहज बसते. दुसरी, वाचलेल्या परवाना-शुल्काचा एक लहान, ठरलेला अंश निगेसाठी राखून ठेवावा आणि तो पैशाच्या रूपाने नव्हे तरी माणसांच्या वेळेच्या रूपाने द्यावा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रातल्या एखाद्या अभियंत्याने आठवड्याचा एक दिवस लिबरऑफिसमधला देवनागरीचा दोष दुरुस्त करण्यात घालवला, तर ते सरकारी कामच मानावे. तिसरी, भाषेच्या बाबतीत राज्य शासनाने मराठी अनुवादाकडे तलावाच्या पाळीसारखे पाहावे. शब्दकोश प्रकाशित करून समारंभ करणे सोपे असते. दर सहा महिन्यांनी चारशे नवी वाक्ये भाषांतरित करणाऱ्या दोन माणसांना पगार देणे कंटाळवाणे असते. प्रशासन म्हणजे बव्हंशी कंटाळवाण्या गोष्टी वेळेवर करणे होय.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना यात एक विशेष संधी आहे असे मला वाटते. या कंपन्यांच्या अनेक कार्यालयांत मराठी अभियंते आहेत. बंगळूर, हैदराबाद, सिंगापूर, कॅलिफोर्निया, कुठेही. घरापासून दूर असल्यामुळे पडद्यावरच्या मराठीची उणीव त्यांनाच अधिक बोचते, आणि ती भरून काढण्याचे कौशल्यही त्यांच्याच हाती आहे. मालगुजाराच्या वाड्यात नोकरी करणाऱ्या माणसाला गावच्या सभेत बसण्यास कोणी मनाई केलेली नाही. एखाद्या प्रकल्पाच्या मराठी गटात नाव नोंदवावे, महिन्याला वीस वाक्ये करावीत, आचारी आणि आचार्य यांची गल्लत दिसली तर दोषनोंद करावी. गावे अशीच चालतात.

वाजिब-उल-अर्जाचा शब्दशः अर्थ 'सांगण्याजोगी गोष्ट' असा होतो. इंग्रजांच्या जमाबंदी अधिकाऱ्याने गावोगाव तंबू ठोकून विचारले, तुमची रीत काय आहे, आणि जे गाव बोलले त्याचे हक्क लिहिले गेले. जे गाव त्या दिवशी गप्प राहिले, त्याचे रान मालगुजाराच्या नावे चढले आणि ते परत मिळवण्यात पुढच्या पिढ्या खर्ची पडल्या. आज आपल्या भाषेच्या नव्या रानाची जमाबंदी चालू आहे. विचारणारे तंबू ठोकून बसलेले आहेत, आणि या वेळी सांगण्याला कोणाची बंदी नाही.